रोज अंगावर पित्त उठतंय? आपल्याच रक्ताची ती स्किन टेस्ट नेमकी काय असते

अंगावर पित्त उठायला लागून सहा आठवडे उलटून गेलेत, आठवड्यातले बहुतेक दिवस गांधी येताहेत, खाज सुटतेय, मधूनच सकाळी उठल्यावर ओठ नाहीतर डोळ्याची पापणी टम्म सुजलेली असते, असं असेल तर डॉक्टर त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. आणि एकदा का ही सहा आठवड्यांची रेघ ओलांडली की "काल काय खाल्लं होतंस?" या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत सगळं घोडं नेमकं याच प्रश्नावर अडतं.

आमच्या वहिनीचं तेच झालं. आधी वांगं बंद, मग अंडी, मग दाण्याचं कूट, मग मासे, टोमॅटो, दही, कोणीतरी म्हणालं तूरडाळ पण नको, शेवटी बिचारी मुगाच्या खिचडीवर आली तरी संध्याकाळ झाली की मांड्यांवर आणि पोटावर गांधी उठायच्या त्या उठायच्याच. आमसुलाचं पाणी लावून झालं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या (ॲसिडिटीचा याच्याशी संबंध नाही, पण सगळेच घेतात), एका लॅबमधून शेकडो वस्तूंचं महागडं ॲलर्जी पॅनेल पण करून झालं, त्याच्या रिपोर्टमध्ये गहू, झिंगा, धूळ अशा ठिकठिकाणी पॉझिटिव्हच्या खुणा होत्या आणि त्या सगळ्यातून हाती काहीच लागलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बाई महिनोन्महिने अर्धपोटी राहिली आणि त्याची काही गरजच नव्हती.

खाण्याची खरी ॲलर्जी ओळखायला तशी सोपी असते. झिंगा खाल्ला की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंग लाल होतं, आणि पुन्हा खाल्ला की पुन्हा तेच होतं. रोज, वेगवेगळ्या वेळी, काहीही खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी गांधी येत असतील तर गुन्हेगार ताटात शोधून सापडत नाही. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ आणि ॲलर्जीतज्ज्ञ मिळून या आजाराची जी गाइडलाइन काढतात त्यातही असं सरसकट मोठं पॅनेल करू नका असंच सांगितलंय. पॅनेलमध्ये पॉझिटिव्ह येणं म्हणजे त्या वस्तूची अँटिबॉडी रक्तात थोडीफार आहे एवढंच, त्या वस्तूमुळेच गांधी येताहेत असं त्यातून सिद्ध होत नाही.

मग येतात कशामुळे? आपल्या कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन भरलेलं असतं. ते बाहेर सुटलं की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि कातडी फुगते, ती झाली गांध, आणि तेच हिस्टामिन नसांच्या टोकांना लागलं की खाज. आता या मास्ट सेलच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे बाहेरच्या गोष्टी येऊन चिकटायच्या जागा, असतात आणि त्यांच्यावर आयजीई नावाच्या अँटिबॉडी बसलेल्या असतात. नेहमीच्या ॲलर्जीत झिंग्यातलं किंवा परागकणातलं प्रोटीन येऊन या आयजीईंना चिकटतं, दोन-दोन आयजीई एकत्र ओढल्या जातात आणि पेशी हिस्टामिन सोडते. म्हणजे बाहेरच्या कोणीतरी येऊन दाराची बेल दाबली. ऑटोइम्यून प्रकारात बाहेरचं कोणी येतच नाही, घरातलंच माणूस बेल दाबून ठेवतं. आपल्याच शरीराने बनवलेली आयजीजी जातीची अँटिबॉडी थेट त्या रिसेप्टरला जाऊन चिकटते, किंवा त्यावर बसलेल्या आयजीईला चिकटते, आणि काहीही कारण नसताना हिस्टामिन सुटतं. याला डॉक्टर टाइप टू-बी म्हणतात. अजून एक प्रकार आहे ज्यात आयजीईच आपल्या स्वतःच्या प्रोटीनविरुद्ध तयार होते, उदाहरणार्थ थायरॉइडमधल्या पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमविरुद्ध, त्याला टाइप वन किंवा ऑटोॲलर्जी म्हणतात. काही पेशंटमध्ये दोन्ही एकत्र असतात.

हे सगळं काही एका दिवसात कळलेलं नाही. 1983 साली कॅनडातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की क्रॉनिक पित्तवाल्या बऱ्याच जणांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात, म्हणजे शरीर स्वतःवर उलटण्याचा काहीतरी धागा इथे आहे. मग 1986 साली इंग्लंडमधल्या क्लाइव्ह ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदम सरळ विचार केला, की पेशंटच्या रक्तातच जर काही चेतवणारं असेल तर त्याचंच सिरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) काढून त्याच्याच कातडीत थोडंसं टोचून बघू. आणि काही जणांत खरंच गांध उठली. त्या सिरममध्ये नेमकं आहे काय याचं उत्तर मात्र 1993 साली मिळालं, तेव्हा मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्हज, ग्रॅटन वगैरे मंडळींनी त्या रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडीच दाखवून दिली. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं या आजाराला इडिओपॅथिक, म्हणजे कारण माहीत नाही असंच म्हटलं जायचं, आता बहुतेक ठिकाणी क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया म्हणतात.

तर ती टेस्ट म्हणजे ऑटोलॉगस सिरम स्किन टेस्ट, रिपोर्टवर एएसएसटी असं लिहिलेलं असतं.

करतात कशी ते नीट सांगते कारण "तुमचंच रक्त तुम्हाला टोचणार" असं ऐकलं की पेशंट घाबरतो. नेहमीसारखं हातातून थोडं रक्त काढतात आणि साध्या प्लेन ट्यूबमध्ये भरतात, ज्यात रक्त पातळ ठेवणारं काही घातलेलं नसतं, कारण इथे ते गोठायलाच हवं असतं. ट्यूब अर्धा तास तशीच ठेवली की खाली लाल गोळा बसतो, मग दहा-पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर फिकट पिवळं पाणी सुटं होतं, ते सिरम. त्यातलं फक्त 0.05 मिली लागतं. आपल्याकडच्या चाळीस युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर मोजलं तर दोन युनिट, म्हणजे एक बारीक थेंब. ते हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या गोऱ्या बाजूला, कातडीच्या आतल्या थरात टोचतात. शेजारी थोडी जागा सोडून तेवढंच सलाइन आणि त्याच्या शेजारी हिस्टामिनचं पातळ द्रावण. तिन्ही ठिकाणी लगेच मसुराएवढा फुगवटा दिसतो, त्याला घाबरायचं नाही, तो नुसत्या पाण्याचा असतो आणि विरून जातो. बॉलपेनने शेजारी खुणा करून ठेवतात, आणि अर्ध्या तासाने पारदर्शक पट्टी लावून मोजतात, एकदा आडवं आणि एकदा उभं, आणि दोन्हींची सरासरी. सिरमची गांध सलाइनच्या गांधेपेक्षा दीड मिलीमीटर किंवा जास्त मोठी असेल आणि भोवती लाली असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह.

मग ती दोन जास्तीची टोचणी कशाला? सलाइनने कोणाच्याच कातडीला काही व्हायला नको, आणि हिस्टामिनने सगळ्यांनाच गांध यायला हवी. सलाइनची जागाच फुगली तर कातडी नुसत्या सुईने चिडतेय असा अर्थ (काही जणांना नखाने रेघ ओढली तरी ती फुगून वर येते, त्याला डर्मोग्राफिझम म्हणतात, अशांची ही टेस्ट वाचणं अवघड जातं), आणि हिस्टामिनला काहीच झालं नाही तर पेशंटच्या अंगात ॲलर्जीची गोळी अजून काम करतेय. मग सिरम निगेटिव्ह आलं तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. या दोन शेजाऱ्यांशिवाय नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलेला रिपोर्ट हातात आला तर डॉक्टरांना जरूर विचारा की कंट्रोल लावले होते का.

गोळ्यांचं इथे फार महत्त्वाचं आहे. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन यातली जी काही चालू असेल ती टेस्टच्या किमान दोन-तीन दिवस आधी थांबवावी लागते, काही डॉक्टर त्याहून जास्त दिवस सांगतात, आणि डॉक्सेपिन असेल तर दोन आठवडे. लोक ही गोळी थांबवतात पण सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं, ते पण अँटिहिस्टामिनच, म्हणजे हिस्टामिनला अडवणारं ॲलर्जीचं औषध. एविल, अटारॅक्स ही पण तीच जात. स्टिरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर तेही आधी सांगा. मात्र ज्यांची जीभ, घसा सुजतो त्यांनी स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच, आणि श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर टेस्टबिस्ट सगळं बाजूला, 108 ला फोन करून थेट इमर्जन्सी गाठायची. टेस्टच्या दिवशी हातावर जिथे गेल्या चोवीस तासांत गांध येऊन गेलीय ती जागा टोचायला घ्यायची नाही, कारण तिथला साठा आधीच रिकामा झालेला असू शकतो आणि उत्तर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. हे पेशंटनेच सांगावं, बघणाऱ्याला दिसत नाही, गांध तर विरून गेलेली असते.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. ट्यूबवर आपलं नाव घातलंय की नाही ते स्वतः बघा. एकाच वेळी तीन-चार पेशंटचं सिरम फिरवलं जात असेल आणि अदलाबदल झाली तर दुसऱ्याचं सिरम आपल्या अंगात जातं, म्हणजे हेपेटायटिस, एचआयव्ही असले धोके. नीट चालवलेल्या क्लिनिकमध्ये हे होत नाही, पण नाव वाचायला आपल्याला दोन सेकंद लागतात. बाकी टेस्ट तशी सुरक्षित आहे, टोचताना मुंगी चावल्यागत आग होते आणि हिस्टामिनच्या जागी अर्धा तास खाज सुटते, खाजवायचं नाही एवढंच.

आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे काय? इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. "मला माझ्याच रक्ताची ॲलर्जी आहे" असं लोक सांगत फिरतात, तसं नाही. ल्युपससारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा काही मोठा आजार झालाय असंही नाही. सिरममध्ये असं काहीतरी आहे जे कातडीतल्या मास्ट सेलना चेतवतं, इतकंच ही टेस्ट सांगते. ते काहीतरी म्हणजे अँटिबॉडीच असेल असंही नाही, दुसरेही पदार्थ हे करू शकतात. ढोबळ हिशेब असा, की ज्यांच्यात लॅबमध्ये अशी अँटिबॉडी खरोखर सापडते अशा दहा जणांपैकी सातेक जणांची टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि ज्यांच्यात सापडत नाही अशा दहांपैकी दोघांची उगाचच येते. कधीही पित्त न उठलेल्या धडधाकट माणसांतही काहींची पॉझिटिव्ह येते. म्हणून ही चाळणी आहे, निकाल नाही.

किती जणांची येते हे पण ठिकाणाप्रमाणे बदलतं. जगभरच्या अभ्यासांत साधारण 30 ते 50 टक्के पेशंटमध्ये पॉझिटिव्ह दिसते, आपल्याकडे नवी मुंबईचे डॉ. किरण गोडसे यांनी 2004 साली छापलेल्या छोट्या अभ्यासात साधारण चारातल्या एकाची आली होती. पण पक्कं टाइप टू-बी म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात, ही स्किन टेस्ट, रक्तातल्या बेसोफिल पेशींवर सिरम टाकून त्या चेततात का हे बघणारी बेसोफिल टेस्ट, आणि ती आयजीजी अँटिबॉडी थेट मोजणारी टेस्ट. 2019 साली छापून आलेल्या युरोपातल्या एका अभ्यासात तिन्ही पॉझिटिव्ह असलेले 10 टक्क्यांहूनही कमी निघाले. बेसोफिल टेस्ट सगळीकडे मिळत नाही आणि खर्चिक आहे, त्यामुळे साध्या क्लिनिकमध्ये सेंट्रिफ्यूज आणि इन्सुलिन सिरिंज यांवर होणारी एएसएसटी आपल्याकडे टिकून आहे, आणि टिकावी असंच मला वाटतं.

हल्ली डॉक्टर आणखी एक सोपी वाट धरतात, रक्ताच्या दोन टेस्ट, टोटल आयजीई आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडच्या त्या पेरॉक्सिडेजविरुद्धची अँटिबॉडी). टोटल आयजीई खूप कमी आणि अँटी-टीपीओ जास्त, अशी जोडी दिसली की ऑटोइम्यून प्रकाराचा संशय बळावतो. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी किंवा ईएसआर, आणि थायरॉइडची शंका असेल तर टीएसएच. तपासण्यांची खरी यादी इतकी लहान आहे. ज्यांना फक्त थंडीने, घाम आल्यावर किंवा नाडी-बेल्टच्या दाबाखालीच गांधी येतात त्यांच्या टेस्ट वेगळ्या, उदाहरणार्थ थंडीवाल्यांना पिशवीतला बर्फ पाच मिनिटं हातावर ठेवून बघतात.

एक मात्र घरीच करून बघण्यासारखं आहे. नवी गांध आली की तिच्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. नेहमीच्या पित्ताची गांध चोवीस तासांत त्या जागेवरून मागमूस न ठेवता जाते, मग दुसरीकडे दुसरी येते. तीच गांध दुसऱ्या दिवशीही त्याच गोलात असेल, खाजेपेक्षा दुखत किंवा जळत असेल, आणि जाताना निळसर-तपकिरी डाग ठेवत असेल तर तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा प्रकार असू शकतो, तिथे एएसएसटीचा उपयोग नाही, कातडीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते.

बरं, टेस्टने औषध बदलतं का? सुरुवातीला नाही, आणि म्हणूनच अनेक डॉक्टर ती प्रत्येकाला करत नाहीत, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, पहिली पायरी तीच, झोप न आणणारी नवी अँटिहिस्टामिन, रोज, गांधी आल्यावर नाही तर येऊ नयेत म्हणून. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत वाढवतात, हे गाइडलाइनमध्ये आहे, तेव्हा चिठ्ठीवर चार गोळ्या दिसल्या म्हणून घाबरायचं नाही आणि स्वतःच्या मनाने वाढवायच्याही नाहीत. टेस्ट कामाला येते ती पुढच्या पायरीवर. ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, 300 मिलीग्रॅम, दर चार आठवड्यांनी, महाग आहे, पण खूप जणांना त्याने पहिल्याच महिन्यात फरक पडतो. टाइप टू-बी वाल्यांना मात्र ते हळूहळू लागू पडतं, काहींना नीटसं पडतच नाही, आणि उलट सायक्लोस्पोरिन त्यांना बऱ्याचदा चांगलं लागू पडतं, फक्त त्यात बीपी आणि क्रिएटिनिनवर (किडनीच्या तपासणीवर) लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे पॉझिटिव्ह टेस्ट आणि कमी आयजीई असलेल्या माणसाने दोन महागडी इंजेक्शनं घेऊन फरक नाही म्हणून हाय खाण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. अशा पेशंटचा आजार सरासरीने जरा जास्त तीव्र असतो आणि जास्त काळ रेंगाळतो हेही खरं, पण बहुतेकांचं पित्त काही वर्षांत थांबतं.

आपल्याकडे एएसएसटी पॉझिटिव्ह आली की ऑटोलॉगस सिरम थेरपी पण सुचवली जाते, म्हणजे आठवड्यातून एकदा आपलंच सिरम कमरेत इंजेक्शनने, असे काही आठवडे. स्वस्त आहे आणि काही पेशंटना बरं वाटल्याचं डॉक्टर सांगतात. पण सलाइनचं इंजेक्शन दिलेल्यांशी तुलना केलेले अभ्यास एकत्र करून बघितले तर ठोस फरक दिसत नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या गोळ्या चालू ठेवून कोणी करून बघत असेल तर हरकत नाही, गोळ्या बंद करून, याच एका आशेवर बसू नये.

खाण्यावर हे सगळे निर्बंध घालण्याऐवजी एक पथ्य मात्र खरंच पाळा, अंगदुखी-डोकेदुखीला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, बऱ्याच जणांचं पित्त त्यांनी उसळतं, पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. परकराची, सलवारीची नाडी आणि बेल्ट जरा सैल.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आठवड्याची नोंद घेऊन जा. रोज रात्री दोन आकडे लिहायचे. गांधी अजिबात नाहीत तर 0, चोवीस तासांत वीसपेक्षा कमी तर 1, वीस ते पन्नास तर 2, त्याहून जास्त तर 3, आणि खाजेला पण असेच 0 ते 3. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त 42 होते, तिला यूएएस-सेव्हन म्हणतात आणि औषध लागू पडतंय की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. गांधी आल्या की फोनवर फोटो काढून ठेवा, उजेडात, एक जवळून आणि एक लांबून, कारण तपासायच्या वेळी नेमकं अंग स्वच्छ असतं. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, सर्दीची आणि आयुर्वेदिक पण.